दहा पॉइंट म्हणजे नेमकं किती?

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणारा कोल्हापूरचा, तेवीस वर्षांचा पैलवान. गेल्या जत्रांच्या हंगामात उजवा खांदा दुखावला, तेव्हापासून जोर मारता येत नाहीत. जिममधल्या ओळखीच्या एका दादानं 'बीपीसी-१५७' नावाच्या पेप्टाइडची कुपी मिळवून दिली आहे. आत पांढरी पूड, लेबलवर ५ मिलिग्रॅम, सोबत पाण्याची वेगळी बाटली. दादानं सांगितलंय, '२ मिली पाणी घाल, रोज दहा पॉइंट, दुखतं तिथंच टोच.' तालमीतल्या दोन मित्रांनी एकाच कुपीतून सुरुवातही केली आहे; ते १ मिलीच पाणी घालतात आणि पॉइंट मात्र दहाच घेतात. पत्रलेखकाची आजी इन्सुलिन घेते, तिच्या लाल टोपणाच्या सिरिंज घरात आहेत. तरी तो नवी सिरिंज आणायला गेला, तेव्हा दुकानदारानं विचारलं, 'चाळीसची की शंभरची?' तो काही न घेता परत आला. लिहितो: 'घ्यायचं की नाही हे मी विचारत नाही. माप चुकू नये एवढंच पाहिजे. मिलिग्रॅम, मिली आणि पॉइंट यांचा मेळ कसा घालायचा ते सांगा, काकू. घरी आणि वस्तादांना यातलं काही माहीत नाही.'

दुकानदाराच्या प्रश्नापाशी तू थांबलास, हे फार बरं केलंस. औषधाच्या काउंटरमागं माझी उमेदीची वर्षं गेली. बहुतेक गिऱ्हाइकं तिथं 'द्या कुठलीबी' म्हणून मोकळी होतात. तू रिकाम्या हातानं घरी गेलास आणि पत्र लिहिलंस. म्हणजे मापाची किंमत तुला कळते. आता त्याच काटेकोरपणानं आपण सगळंच प्रकरण तपासू.

घ्यायचं की नाही हे विचारत नाही, असं तू स्वच्छ लिहिलंयस. त्यावर मी बोलणार आहेच, पण आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ते टाळून उपदेश सुरू केला तर तू हे बाजूला ठेवून परत दादाकडेच जाशील, आणि दादाचं गणित कच्चं आहे.

मिलिग्रॅम हे औषधाचं वजन. एका मिलिग्रॅममध्ये १,००० मायक्रोग्रॅम, म्हणून लेबलावरचे ५ मिलिग्रॅम म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम. मिली हे द्रवाचं माप. आणि पॉइंट, म्हणजे डॉक्टर ज्याला युनिट म्हणतात ते, इन्सुलिनच्या ताकदीचं माप. तुझ्या कुपीत इन्सुलिन नाही. त्यामुळे तिच्या बाबतीत 'दहा पॉइंट' म्हणजे सिरिंजवरच्या नुसत्या दहा रेघा. एक रेघ किती मिलीची हे सिरिंजवर ठरतं, आणि तेवढ्या मिलीत औषध किती हे तू पाणी किती घातलंस त्यावर. तालमीत थंडाईला वाटलेल्या बदामाचा गोळा तेवढाच असतो. तो एका तांब्यात कालवला की दोन, त्यावर पेल्यामागं पोटात किती बदाम जाणार ते ठरतं.

आता सिरिंज. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन जातीच्या सिरिंज सर्रास मिळतात. यू-४० मध्ये एका मिलीच्या ४० रेघा असतात, म्हणजे एक रेघ ०.०२५ मिली. यू-१०० मध्ये एका मिलीच्या १०० रेघा, एक रेघ ०.०१ मिली; काही नळ्यांवर मात्र दोन-दोन पॉइंटांना एकच रेघ छापलेली असते, मी रेघ म्हणते ती एका पॉइंटाची. चाळीसवालीचं टोपण बहुधा लाल आणि शंभरवालीचं नारिंगी असतं; पण बल्बच्या पिवळ्या उजेडात लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात. टोपणावर विसंबू नकोस. नळीवर छापलेलं वाच.

लेबल खरं आहे असं घटकाभर धरू आणि तुमचा हिशोब मांडू. दादा म्हणतो २ मिली पाणी. ५,००० भागिले २, म्हणजे दर मिलीत २,५०० मायक्रोग्रॅम. शंभरच्या सिरिंजमध्ये दहा रेघा म्हणजे ०.१ मिली, म्हणजे २५० मायक्रोग्रॅम. तू तेच पाणी घालून आजीची लाल सिरिंज वापरली असतीस तर दहा रेघा झाल्या असत्या ०.२५ मिली, म्हणजे ६२५ मायक्रोग्रॅम. तुझे मित्र १ मिली पाणी घालतात. त्यांच्याकडे शंभरची सिरिंज असेल तर त्यांना ५०० जातायत, चाळीसची असेल तर १,२५०. एकच लेबल, चौघांच्या तोंडी तेच 'दहा पॉइंट', आणि अंगात जाणारं औषध २५० पासून १,२५० पर्यंत. पाचपट फरक, आणि कुणालाही आपण चुकलो असं वाटणार नाही, कारण प्रत्येकानं दहा रेघा नीट मोजल्यात.

यातला २५० हा आकडा बरोबर आणि बाकीचे चूक, असं मात्र मी म्हणत नाही हं. माणसाला हे किती द्यावं हे ठरवणारी मान्यताप्राप्त मात्राच अस्तित्वात नाही. त्याकडे येतेच.

हाच हिशोब डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कुठल्याही इंजेक्शनला लागू आहे. कुपीतलं वजन भागिले घातलेलं पाणी, की एका मिलीतलं औषध कळतं. हवी असलेली मात्रा भागिले तो आकडा, की किती मिली ओढायचं ते कळतं. ते मिली कागदावर लिहायचे. रेघांत रूपांतर अगदी शेवटी, हातातली सिरिंज बघून. आणि कुणी तोंडी 'अमुक पॉइंट' सांगितलं तर विचारायचं: कुठल्या सिरिंजवर, किती पाण्यात? या दोन प्रश्नांची उत्तरं ज्याला देता येत नाहीत, त्याला मात्रा माहीत नाही.

ओढण्यातही मेख आहे. रेघ वाचायची ती दट्ट्याच्या रबराची सुईकडची कड जिथं टेकते तिथं, आणि सिरिंज डोळ्यांसमोर सरळ धरून. तिरकं पाहिलं की अर्धी रेघ इकडेतिकडे होतेच. पन्नास रेघांत अर्धी चुकली तर शंभरात एक फरक पडतो, पाच रेघांत अर्धी चुकली तर शंभरात दहा. म्हणून अगदी थोड्या रेघांत बसणारी मात्रा ही कायम डळमळीत मात्रा. कातडीखालच्या इंजेक्शनात बारीक बुडबुड्यानं जिवाला धोका नसतो, पण त्याची जागा औषधाची असते, तेवढं औषध कमी जातं. ज्या सिरिंजची सुई वेगळी लावायची असते, तिच्या टोकाशी थोडं औषध अडकून राहतं. इन्सुलिनच्या सिरिंजला सुई बहुधा जोडूनच येते, तिथं हे फारसं होत नाही. पूड विरघळवताना पाण्याची धार पुडीवर मारायची नाही, काचेच्या कडेनं सोडायची, आणि कुपी खळाखळा हलवायची नाही, तळव्यांत हलकेच फिरवायची. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. जोरानं घुसळून फेस काढला की असली औषधं बिघडू शकतात.

झालं तुझं उत्तर. आता माझा प्रश्न.

या सगळ्या हिशोबात आपण ५ मिलिग्रॅम हा आकडा धरून चाललो. तो कुठून आला?

लेबलावरून. आणि ते लेबल कुणी चिकटवलं? तुझ्या पत्रात कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, परवाना क्रमांक नाही, बिल नाही. असल्या कुप्यांवर बहुतेक वेळा 'फक्त संशोधनासाठी' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तुझ्या कुपीवर आहे का बघ. ते वाक्य विकणाऱ्याच्या बचावासाठी असतं. उद्या काही झालं तर तो म्हणणार, आम्ही कुठं माणसाला टोचा म्हणालो?

तू भागाकार चार दशांश स्थळांपर्यंत केलास तरी वरचा आकडा अंदाजाचा असेल तर उत्तरही अंदाजाचंच. तुला वाटतंय की धोका मापात आहे आणि माप जमलं की बाकी सगळं सुरक्षित. मला ते उलटं दिसतं. माप हा या कुपीतला सर्वांत छोटा प्रश्न आहे.

कुपीच्या तळाशी पांढरी वडी दिसते ना, ती बघून 'माल भरपूर आहे' असं वाटतं. पाच मिलिग्रॅम म्हणजे साखरेचे जेमतेम काही दाणे. असल्या कुप्यांत दिसणारी वडी बरीचशी मॅनिटॉलसारख्या भरावाची असते, त्यामुळे डोळ्यांनी काही कळत नाही. दादा कदाचित मोबाइलवर कागद दाखवेल, 'शुद्धता ९९ टक्के'. ती चाचणी एवढंच सांगते की त्या नमुन्यात जे पेप्टाइड सापडलं त्यातलं ९९ टक्के एका जातीचं आहे. कुपीत ते ५ मिलिग्रॅम आहे की ३, हे ती सांगत नाही. पुडीच्या वजनात क्षार आणि ओलावाही धरलेला असू शकतो. पूड निर्जंतुक आहे की नाही, हेही ती सांगत नाही. आणि जिवाणू मेले तरी त्यांच्या आवरणातलं विष, एंडोटॉक्सिन, मागं राहतं. ते उकळून जात नाही. ते रक्तात गेलं की थंडी वाजून ताप भरतो, जास्त असेल तर रक्तदाब कोसळतो. परवानाधारक कारखान्यात इंजेक्शनच्या प्रत्येक बॅचची यासाठी तपासणी होते. तुझ्या कुपीची झाली का? कुणाला विचारणार?

लेबलवर विसंबता येत नाही ही अडचण जुनीच आहे. १९२२ साली टोरंटोत इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं तेव्हा ते जनावरांच्या स्वादुपिंडातून काढत, आणि प्रत्येक घाण्याची ताकद वेगळी निघे. वजनावर भरवसा ठेवणं शक्यच नव्हतं. म्हणून सशाला टोचून त्याच्या रक्तातली साखर किती उतरते ते बघायचे आणि त्यावरून युनिट ठरवायचे. तुम्ही तालमीत ज्याला पॉइंट म्हणता त्याचा जन्म असा झालाय. तुमच्या बाबतीत मात्र मधला ससाच गायब आहे.

आता बीपीसी-१५७ बद्दल मला पक्कं माहीत आहे तेवढं सांगते. पंधरा अमिनो आम्लांची ती साखळी. तिच्यावरचं बहुतेक काम उंदरांवर झालंय आणि त्यातले निकाल उत्साह वाटावा असे आहेत, हे मान्य. माणसांवरचे अभ्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही छोटे. कातडीखाली टोचायचं औषध म्हणून त्याला मान्यता नाही, आपल्याकडे नाही आणि अमेरिकेतही नाही. उलट २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, फार्मसीत मिश्रण करून देण्यासाठी सुरक्षिततेची शंका असलेल्या पदार्थांत त्याला टाकलं. 'मित्राचा गुडघा बरा झाला' हा पुरावा मी धरत नाही. गुडघे विश्रांतीनंही बरे होतात, आणि इंजेक्शन घेणारा माणूस त्याच दिवसांत विश्रांतीही घेतच असतो.

'दुखतं तिथंच टोच' या सल्ल्यावर मात्र मी शांतपणे लिहू शकत नाही. खांद्याच्या सांध्याजवळ, घरी, निर्जंतुक आहे की नाही हे माहीत नसलेलं पाणी. तिथं पू झाला तर कुस्ती राहू दे, शर्टाची बाही चढवणं मुश्कील होईल. सांध्यात जंतू शिरले तर ऑपरेशन करून सांधा धुवावा लागतो.

त्या पाण्याच्या बाटलीवर काय छापलंय तेही वाच. बेंझिल अल्कोहोल ०.९ टक्के घातलेलं पाणी पुन्हा पुन्हा सुई घालण्यासाठी असतं, तेही पहिल्यांदा टोचल्यापासून जास्तीत जास्त २८ दिवस. औषधाच्या दुकानात मिळणारं इंजेक्शनचं साधं पाणी, तोडायच्या ॲम्प्यूलमधलं, एकदाच वापरायचं असतं. त्यात जंतू रोखणारं काहीच नसतं. त्यात पूड विरघळवून आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवली की आपण काय वाढवतोय ते सांगता येत नाही.

आता मला ज्याची खरी काळजी वाटतेय ते. आजी.

समजा, तू शंभरच्या सिरिंजचं पाकीट आणलं असतंस. ते ठेवलं असतंस कुठं? आजीच्या सिरिंज असतात त्याच खणात, बहुतेक. आपल्याकडे इन्सुलिनच्या १० मिलीच्या बाटलीत बहुधा दर मिलीला ४० युनिट असतात, आणि पेनात घालायच्या ३ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये दर मिलीला १००. आजीला समजा २० युनिट लिहून दिलीत. चाळीसच्या बाटलीतून तिनं चुकून तुझ्या शंभरच्या सिरिंजमध्ये विसाव्या रेघेपर्यंत ओढलं, तर तिला ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट मिळतील. साखर वाढत राहील, डॉक्टर मात्रा वाढवतील, आणि एक दिवस ती पुन्हा बरोबर सिरिंज उचलेल. याच्या उलट जास्त धोक्याचं: पेन बिघडलं म्हणून कुणी कार्ट्रिजमधून लाल सिरिंजनं विसाव्या रेघेपर्यंत ओढलं, तर ०.५ मिली, म्हणजे ५० युनिट. अडीचपट. घाम, थरथर, बडबड, मग शुद्ध जाते. असं झालं आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा, पंधरा मिनिटांनी साखर तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन. अडीचपट इन्सुलिन तासन्‌तास काम करत राहतं, म्हणून आजी सावरली तरी दवाखान्यात न्यायचंच.

तेव्हा आज रात्री एक काम कर. आजीच्या बाटलीवर ४० लिहिलंय की १०० ते वाच, सिरिंजवरचं वाच, दोन्ही जुळतात का बघ. एकाच घरात दोन जातीच्या सिरिंज ठेवायच्या नाहीत. ती पांढुरकं इन्सुलिन घेत असेल तर ओढण्याआधी बाटली तळव्यांत हळू फिरवून सारखी करायला सांग. डॉक्टरांनी दोन इन्सुलिन एकाच सिरिंजमध्ये ओढायला सांगितली असतील तर आधी पाण्यासारखं स्वच्छ, मग गढूळ. आणि ग्लार्जिन नावाचं, दिवसभर काम करणारं इन्सुलिन असेल तर ते कशातच मिसळायचं नाही. तुला आकडेमोडीची हौस आहे ना? घरात तिची गरज आहे.

ही पाळी पैलवानांवरच येते असं नाही. वजन कमी करायच्या इंजेक्शनांचा सुळसुळाट झाल्यापासून राजारामपुरीतल्या चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतून मला असेच प्रश्न येतात. अमेरिकेत २०२४ च्या जुलैमध्ये औषध प्रशासनाला यातल्याच सेमाग्लुटाइड नावाच्या औषधाबद्दल इशारा काढावा लागला: फार्मसीत तयार केलेल्या, अनेक मात्रांच्या कुप्यांतून स्वतः ओढून घेताना मिलिग्रॅम, मिली आणि युनिट यांची सरमिसळ होऊन लोकांनी पाच ते वीसपट मात्रा टोचून घेतली होती. उलट्या, निर्जलीकरण, काही जण दवाखान्यात. आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये माउंजारो नावाचं असलंच इंजेक्शन आलं ते कुपीत, २.५ किंवा ५ मिलिग्रॅम, दोन्हीत द्रव ०.५ मिलीच. ती एका वेळची कुपी आहे. शंभरच्या सिरिंजवर ०.५ मिली म्हणजे ५० रेघा, चाळीसच्यावर २०. महाग आहे म्हणून एक कुपी दोघींत वाटून घेणाऱ्या मैत्रिणींना मी हात जोडते. पहिल्या इंजेक्शनला दुकानदार किंवा नर्ससमोर बसून ओढा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

या औषधांत आणि तुझ्या कुपीत फरक आहे तो एवढाच, पण तो मोठा आहे: त्यांच्या खोक्यात माहितीपत्रक असतं. पूड असेल तर सोबतचं द्रावण किती घालायचं, मिसळल्यावर दर मिलीत किती औषध होतं, किती दिवस टिकतं, सगळं छापलेलं. ज्याच्यावर हे छापलेलं नाही, त्याचं माप तुला किंवा मला शोधून काढता येणार नाही.

कुस्तीपुरतंही बोलते, कारण ते तुला जास्त लागेल. वाडाच्या, म्हणजे खेळातली उत्तेजकं रोखणाऱ्या जागतिक संस्थेच्या, बंदी यादीत बीपीसी-१५७ चं नाव २०२२ पासून आहे, मान्यता नसलेल्या पदार्थांच्या गटात. त्या गटातलं काहीही नुसतं स्पर्धेतच नाही, तर एरवी सरावाच्या दिवसांतही बंद. गावच्या जत्रेत फडावर कुणी लघवीची बाटली घेऊन उभं नसतं, खरं आहे. पण तुझी नजर तिथंच आहे का? राष्ट्रीय गादीवर गेलास तर नाडाचे, म्हणजे आपल्या देशातल्या तसल्याच संस्थेचे, लोक असतात, आणि नमुन्यात सापडलं की 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही. बंदी साधारण दोन वर्षांची, मुद्दाम घेतल्याचं सिद्ध झालं तर चार. तेविशीतल्या पैलवानाची चार वर्षं म्हणजे काय, हे मी कोल्हापुरात सांगायची गरज नाही. आणि कुपीत लेबलपेक्षा वेगळंच काही निघालं, एखादं वाढीचं संप्रेरक, तर जबाबदारी तुझीच. नाडाचं 'नो युवर मेडिसिन' नावाचं ॲप आहे, कुठलंही औषध घेण्याआधी त्यात नाव घालून बघ. सर्दीच्या गोळीचंसुद्धा.

मग खांद्याचं काय? तू पत्रभर औषधाचं माप विचारलंस, दुखापत काय आहे हे मात्र एका शब्दानंही लिहिलं नाहीस. मला वाटतं तुलाही ते माहीत नाही. स्नायूबंधाची सूज, अर्धवट फाटलेला बंध, सांध्याच्या कडेची चिरलेली कूर्चा, मानेतून आलेली कळ: चारींची वागणूक वेगळी, उपाय वेगळे. आधी ते कळायला हवं. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग ओपीडीत दाखव किंवा खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या ऑर्थोपेडिककडे जा; हात किती वर जातो, कुठल्या कोनात कळ येते हे तपासून ते सोनोग्राफी किंवा एमआरआय हवा का ते ठरवतील. रोटेटर कफचं, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या बंधांचं, बहुतेक दुखणं फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू भार वाढवत बारा आठवडे व्यायाम केल्यावर सुधारतं. बारा आठवडे तुला फार वाटतील. दादाच्या कुपीचा खप त्याच घाईवर चालतो.

वस्तादांपासून लपवलंयस ते मात्र मला पटलं नाही. ओरडतील, ठीक आहे. पण खांदा धरून बसलेला पोरगा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असं होणार नाही, आणि पायाचा सराव, मानेचा सराव, दम वाढवणं, हे खांद्याला धक्का न लावता कसं चालू ठेवायचं ते त्यांच्याइतकं कुणाला कळतं? त्यांना न सांगितल्यामुळेच तू सगळं बंद करून बसलायस. घरीही सांग. निदान घरात नव्या सिरिंज आणणार होतास तेवढं तरी.

हातातली कुपी वापरू नकोस, कुणाला देऊही नकोस. 'फुकट जाईल' म्हणून मित्राला देणं म्हणजे त्याला अडकवणं. पैसे गेले ते गेले. खोकं आणि लेबल यांचे फोटो काढून ठेव, कुणाला त्रास झाला तर डॉक्टरांना दाखवायला लागतील. मोरीत ओतू नकोस, कुपी ओळखीच्या औषध दुकानात किंवा दवाखान्यात नेऊन विल्हेवाटीचं विचार. आजीच्या वापरलेल्या सुयाही घंटागाडीत तशाच टाकत असशील तर ते बंद कर. जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठव आणि दवाखान्यात दे. कचरा उचलणाऱ्या बाईच्या हाताला सुई लागते, ती कुणाची हे तिला कधीच कळत नाही.

शेवटी तुझे ते दोन मित्र. ते एकाच कुपीतून घेतात, असं तू लिहिलंयस. प्रत्येक वेळी दोघांची नवी सिरिंज असते का, हे आजच विचार. सुई बदलली आणि सिरिंज तीच ठेवली, किंवा वापरलेली सिरिंज पुन्हा कुपीत घातली, तरी एकाचं रक्त दुसऱ्यापर्यंत जाऊ शकतं. असं झालं असेल तर दोघांनी एचआयव्ही, कावीळ बी आणि कावीळ सी, तिन्हींची तपासणी करून घ्यायची. सरकारी दवाखान्याच्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत आणि गुप्त असते. पहिली नकारात्मक आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करायची. सुई वापरून ७२ तास उलटले नसतील तर थांबू नका, लगेच जा, एचआयव्ही रोखणारी औषधं त्याच मुदतीत सुरू करावी लागतात. टोचलेली जागा लाल, गरम, टणक झाली असेल किंवा थंडी वाजून ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, आणि काय टोचलंय ते खरं सांगायचं. डॉक्टर पोलीस नसतो, आणि त्याला नाव कळलं तर उपचार लवकर होतो. त्रास झाल्याची नोंद औषधांचे दुष्परिणाम नोंदवणाऱ्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, १८००-१८०-३०२४ वर, त्यांना स्वतःलाही करता येते.